पितळेच्या निऱ्या : एका जुन्या काडतुसाच्या प्रतिकृतीच्या नोंदी

२१ एप्रिल

वाडीतल्या वाचनालयाच्या नव्या खोलीचा पाया खणताना जांभ्याच्या दोन चिऱ्यांच्या फटीत एक चेपलेली पुंगळी सापडली. गवंड्याने ती पत्र्याची चिंधी समजून बाजूला फेकली होती. पुतण्याने उचलून माझ्याकडे आणली. तळाला गंजाने फुगलेली लोखंडी चकती, वर कागदासारखा पातळ पितळी पत्रा, दोन-तीन वेढ्यांत गुंडाळलेला. रंग हिरवा, मधूनमधून तांबूस चट्टे. पितळातलं जस्त वर्षानुवर्षांच्या ओलीत निघून गेलं की जे तांबूस, ठिसूळ उरतं, ते हे चट्टे. नखाने दाबलं तर कपचा निघतो. आत काही नाही. टोपीच्या (ठोका बसताच पेटून बार उडवणाऱ्या भागाच्या) जागी आरपार भोक.

कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, पण गुंडाळलेल्या पत्र्याची पुंगळी हातात कधी आली नव्हती. आत्या म्हणाली, तिच्या लहानपणी असल्या पुंगळ्या पोरांकडे असायच्या. तोंडाच्या कडेवर फुंकर मारून शिट्टी वाजवायची. दापोलीला लोक अजून ‘कॅम्प’ म्हणतात. मुंबई इलाख्याच्या पलटणींचे पेन्शनर या भागात घरं करून राहिले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर दापोलीला आले होते. आमच्या वाडीतही पाच-सहा घरांत पदकं आहेत, डिस्चार्जचे कागद आहेत. वाचनालयाच्या बाई त्या सगळ्यांचं एक कपाट करणार आहेत, त्यात ही पुंगळीही ठेवायची. पण नुसती चिंधी पाहून कुणाला काय कळणार? मूळ वस्तू कशी दिसायची ते शेजारी दिसायला हवं. ते काम मी अंगावर घेतलं.

२३ एप्रिल

हत्यार उचलण्याआधी कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ मधली ‘दारूगोळ्या’ची व्याख्या वाचली. तयार काडतूसच नव्हे, काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही त्यात धरली आहे. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं : बूड भरीव, टोपीची खाच नाही, प्रत्येक नग लांबीला उभा कापून आतलं दिसेल असा. दारू नाही, शिसं नाही. बंदुकीत घालता येईल अशी वस्तू माझ्या लेथवर एक क्षणही असणार नाही.

पुंगळी घेऊन बाई, सरपंच आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. सापडल्याची नोंद करून घेतली, प्रतिकृतीच्या कामाचा अर्ज आकृतीसह दिला. साहेबांनी आकृती नीट पाहिली, भरीव बुडाबद्दल दोनदा विचारलं. विचारायलाच हवं होतं.

२८ एप्रिल

मापं. लोखंडी चकती गंजली असली तरी तिच्या कडेचा मूळ व्यास एका बाजूला शाबूत आहे : पावणेएकोणीस ते एकोणीस मिमी. उरलेली लांबी बेचाळीस. तोंड फाटलेलं, पण गळ्याकडे पत्रा अरुंद होत गेल्याचं स्पष्ट. या मापाला आणि गुंडाळलेल्या पत्र्याला एकच उत्तर आहे : .५७७/४५० मार्टिनी-हेन्री.

नावातच गोष्ट आहे. आधीच्या स्नायडर बंदुकीचं काडतूस .५७७ बोअरचं (बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीचा आतला व्यास, इथे इंचात). १८७१ साली मार्टिनी-हेन्री लष्करात आली, तिची गोळी .४५० बोअरची. जुन्या जाड पुंगळीलाच बाटलीसारखा गळा करून त्यात बारीक गोळी बसवली. छापील मापांनुसार पुंगळी ५९.४ मिमी लांब, बुडाशी १७.० व्यास, खांद्याशी सुमारे १६, गळ्याशी १२.४. गोळीसकट एकूण लांबी ७९ च्या आसपास. गोळीचं वजन ४८० ग्रेन, म्हणजे ३१ ग्रॅम. शिसं बारा भाग, कथील एक भाग, आणि भोवती कागदाचं वेष्टण. आजच्या रायफलीची गोळी याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही भरत नाही. हातात असं काडतूस धरलं तर अंगठ्याएवढं दिसेल.

दोन प्रतिकृती करायच्या : एक आपल्या पुंगळीसारखी, गुंडाळीची. दुसरी त्यानंतरची, सलग ओढीव पितळेची. दोन्ही शेजारी ठेवल्या की मधला बदल न सांगता कळेल.

५ मे

गुंडाळी. दिवसभर हेच.

ही रचना वूलविचच्या रॉयल लॅबोरेटरीचे अधीक्षक एडवर्ड बॉक्सर यांची. पातळ पत्रा गुंडाळून नळी, तिला आतून कागद, बुडाला वेगळी चकती. बार उडाला की गुंडाळी किंचित सैल होऊन चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या) भिंतीला चिकटते आणि धूर मागे येऊ देत नाही. दाब गेला की पुन्हा आकसते. सलग पुंगळी खोल ओढायची तर भारी प्रेस, अनेक डाय (आकार देणारे साचे), मध्ये मध्ये ताव (तापवून मऊ करणं), असं सगळं लागतं. गुंडाळीला लागतो पत्रा आणि सरावलेले हात.

पत्रा घेतला ०.१ मिमीचा, शिमसाठी मिळतो तो. मँड्रेल, म्हणजे ज्यावर पत्रा गुंडाळायचा तो दांडा, बीडाच्या तुकड्यातून निमुळता काढला. पहिली गुंडाळी हात काढताच उलगडली. पत्रा कडक होता. शेगडीवर धरून मऊ केला. एवढा पातळ पत्रा तीन-चार सेकंदांत लालसर होतो आणि पाचव्याला भोक पडतं. दोन तुकडे गेले. मग दोन जाड पत्र्यांच्या मध्ये ठेवून तापवला, तेव्हा सगळीकडे सारखा ताव बसला.

खरा घोळ गळ्याशी झाला. नळी अरुंद करायला गेलो की पत्रा कुठेही चुरगळायचा. दुपारी वैतागून मूळ पुंगळी भिंगाखाली धरली. तिच्या गळ्याशी उभ्या घड्या आहेत; आजवर मी त्यांना चेपल्याच्या खुणा समजत होतो. पण त्यांच्यातलं अंतर सारखं आहे. एकेक घडी शेजारच्या घडीवर एकाच दिशेने पडली आहे. त्या चेपल्याच्या खुणा नाहीतच, त्या निऱ्या आहेत! ज्याने ही पुंगळी केली त्याने पत्रा दाबून अरुंद केलाच नाही. जादा पत्रा निऱ्यांत घेतला. साडी नेसवताना घेर जसा कमरेशी आवळतात तसा.

आत्याला मँड्रेलवरचा पत्रा दाखवला. ती म्हणाली, ‘अरे, निऱ्या एकदम नाय घालायच्या. पयली धर, मग दुसरी.’ सोळा खाचांचं लाकडी फिरकं केलं, पत्रा एकेका खाचेत बोटाने बसवला, मग वरून कडं सरकवलं. संध्याकाळी साडेसहाला गळा आला. सोळा निऱ्या, एकाच दिशेने.

९ मे

बूड. एमएस (मऊ पोलादाच्या) बारमधून चकती खरवडली, भरीव. गुंडाळीला आतून फेव्हिकॉलने कागद. बरं झालंय.

१२ मे

बाईंनी विचारलं, इतकी छान रचना मग सोडली का? बोटाने दाबून दाखवलं. पुंगळी पिशवीत, खोगिरात, उन्हातान्हात चेपते. चेंबर तापलेलं, काजळीने भरलेलं असलं की पत्रा आतच चिकटून बसतो, आणि काढणी (रिकामी पुंगळी बाहेर खेचणारा बंदुकीचा भाग) ओढते ती फक्त बुडाची चकती. चकती बाहेर, नळी आत, शिपाई मोकळ्या हाताने उभा. १८८५ च्या जानेवारीत सुदानमध्ये अबू क्ली इथे रायफली अशा अडकल्या आणि त्याचा बराच गवगवा झाला. त्यानंतर सलग ओढीव पुंगळीकडे कल वाढला. (त्याच वर्षाच्या शेवटी मंडाले पडलं आणि थिबा राजाला पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. शाळेतल्या मुलांना थिबा पॅलेस ठाऊक असतो. हे कपाट त्यांना त्या काळाची दुसरी बाजू दाखवेल.)

१८ मे

दुसरी प्रतिकृती. खोल ओढ काढण्याची ताकद माझ्या हातप्रेसमध्ये नाही. म्हणून भिंतीसाठी नळी, बुडाला भरीव गोळा चांदीच्या डाखाने जोडून. उभा काप घेतल्यावर भिंत सलग दिसते, तेवढं पुरे.

चिपळूणहून साडेसतरा मिमीची पितळी नळी आणली, भिंत अर्धा मिमी. दुकानातली नळी बहुधा ६३ टक्के तांबं, ३७ टक्के जस्त अशी असते. काडतुसाचं पितळ ७०-३० चं. पुढे या फरकाने मला धडा दिला.

नळी १७ वर ओढली. आता १७ चा गळा १२.४ वर न्यायचा, म्हणजे व्यास सत्तावीस टक्क्यांनी घटवायचा. एका डायमध्ये करून पाहिलं : तीन मोठ्या सुरकुत्या आणि खांदा आत बसलेला. तांबट ज्याला ‘पितळ ताठलं’ म्हणतो ते हेच. धातूला जितका मार, तितका तो कडक. आणि कडक झाला की वाकायच्या ऐवजी मोडायला बघतो. त्याला पुन्हा ताव द्यावाच लागतो.

ईएन-आठ पोलादातून चार डाय काढल्या : १६, १४.८, १३.६, १२.४. प्रत्येकीचं तोंड गोल करून पॉलिश. वंगण एरंडेलाचं, लेथचं तेल इथे फाटतं, एरंडेल टिकून राहतं.

२६ मे

ताव देण्याबद्दल, कुणाला पुढे उपयोग होईल म्हणून सविस्तर.

काम अंधाऱ्या खोलीत करा. उन्हात पितळ लाल झालेलं दिसतं तेव्हा ते आधीच जास्त तापलेलं असतं. काळोखात जेमतेम लालसर झाक आली की ज्योत बाजूला. पितळ लोखंडासारखं नाही. पाण्यात टाकलं तरी कडक होत नाही, मऊच राहतं, त्यामुळे लगेच बुडवून पुढचं काम करता येतं. जास्त तापलं तर दाणे वाढतात, मग पुढच्या डायमधून निघालेला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत येतो. तो पॉलिशने जात नाही. शिवाय जस्ताचा पांढरा धूर येऊ लागतो, तो छातीत जाऊ नये.

चार डाय, मध्ये तीन ताव. पाच नग केले. शेवटच्या, १२.४ च्या डायनंतर मी ताव दिला नाही. कडक गळा छान चकाकतो, बोटाने दाबला तर परत उसळतो, आणि मला तसाच हवा होता. चार नग पूर्ण, एक खांद्याशी वाकडा.

कापून पाहिलेला पहिला नग पाहून पुतण्या बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘काका, हे तर मोठं झाड आडवं कापल्यासारखं दिसतंय.’ खरंय. भिंत, खांदा, गळा, सगळ्यांची जाडी एका नजरेत.

११ जून

पाऊस लागला. तरव्यात पेर झाली. नग कागदात गुंडाळून पडवीच्या फळीवर ठेवले. आता लावणी होईपर्यंत लेथ बंद.

१७ जुलै

लावणी आटपली. आज फळीवरचा पुडा सोडला. चारही नगांचे गळे उभे तडकलेले.

हे लिहायला जड जातंय. कुणाचा हात लागला नव्हता, कागदाची घडी जशीच्या तशी होती. चिरा तोंडापासून खांद्यापर्यंत, केसासारख्या; एकीतून उजेड दिसतो. पडले असते तर पोचे आले असते. पोचा एकही नाही. खांद्याखालची नळी, जिला शेवटच्या तावानंतर हात लावला नव्हता, ती फक्त काळवंडली आहे. उरलेला वाकडा पाचवा नग आणि गुंडाळीची प्रतिकृती माजघरातल्या कपाटात होती, दोन्ही शाबूत.

१९ जुलै

दोन दिवस याच विचारात. कपाट आणि पडवी यांत फरक काय? पाऊस दोन्हीकडे, दमट हवा दोन्हीकडे. पडवीच्या भिंतीपलीकडे गोठा आहे. सकाळी फळीशी उभा राहिलो आणि गोमुत्राचा तो डोळ्यांत चुरचुरणारा वास आला. अमोनिया.

मग टूलरूममधल्या जुन्या साहेबांनी सांगितलेलं आठवलं, आणि पुस्तक काढून खात्री करून घेतली. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकत. साठा तबेल्यांजवळ असे. लोक म्हणत हा मोसमाचा रोग. त्यावरून इंग्रजीत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नावच पडलं. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडा केला : घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतली ओल, आणि पितळात अडकून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की धातू दाण्यांच्या सांध्यातून उकलत जातो. यांतलं एक जरी काढून घेतलं तरी पितळ टिकतं. जस्त जास्त तितका धोका जास्त, म्हणजे माझी ६३-३७ ची नळी ७०-३० पेक्षाही नाजूक.

गळा अरुंद करताना बाहेरचा थर ताणलेला राहतो, दोर बांधून खेचल्यासारखा. वरून काहीच दिसत नाही. चकाकतो म्हणून मी ज्याचं कौतुक करत होतो तो कडकपणा म्हणजे हाच ताण.

दीडशे वर्षांपूर्वीच्या काडतुसाची प्रतिकृती करायला बसलो आणि त्या काडतुसांचा आजार, कारणासकट, माझ्या पडवीत हजर झाला. नग गेले याचं वाईट आहेच. पण आता हे काम मला पूर्वीपेक्षा जास्त कळतंय.

२४ जुलै

खात्री करायची तर अमोनिया मुद्दाम द्यायला हवा. कल्हईवाल्या चाचांकडून नवसागर आणला. नवसागरात भिजवलेला चुना मिसळला की अमोनिया सुटतो. हे अंगणातच करावं, तोंड लांब ठेवून. काचेच्या बरणीत तळाला चमचाभर मिश्रण, वर जाळीवर दोन तुकडे : एक पूर्ण ताव दिलेली नळी, दुसरा पाचव्या नगाचा न तावलेला गळा. झाकण लावून रात्रभर.

सकाळी नळी काळी-निळी, पण सलग. गळ्याला दोन उभ्या चिरा. फळीवर पाच आठवड्यांत जे झालं ते बरणीत एका रात्रीत.

२ ऑगस्ट

उपाय : ताण काढायचा, कडकपणा ठेवायचा. पूर्ण ताव दिला तर गळा लोण्यासारखा मऊ होईल. अडीचशे-पावणेतीनशे अंशांवर तासभर ठेवलं तर ताण उतरतो आणि धातू मऊ पडत नाही. पण माझ्याकडे भट्टीचा पायरोमीटर नाही.

चाचांनी वाट दाखवली. ते म्हणाले, ‘कथील पाण्यासारखं झालं की भांडं तयार, आम्हाला मीटर कशाला?’ कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला. लोखंडी कढईत समुद्राची चाळलेली वाळू, तिच्यात नग पुरलेले, शेजारी दोन पितळी बुचं : एकात कथिलाचा खडा, दुसऱ्यात शिशाचा. कथील वितळलेलं आणि शिसं घट्ट, एवढं सांभाळायचं. कढई अंगणात, वारा येतो त्या बाजूला बसून. शेगडी बारीक-मोठी करत एक तास पाच मिनिटं. शिशाची कड एकदाही गोल झाली नाही.

नवे तीन नग केले होते. तिन्ही बाहेर काढले तर हलकी गवती झाक आलेली. गळा दाबला, उसळतो. एक नग बरणीत टाकला, या वेळी एक नव्हे, तीन रात्री.

५ ऑगस्ट

काळा झाला. तडा नाही. भिंगाखालीही नाही.

१४ ऑगस्ट

आतली रचना. गोळी शिवणीच्या लाकडातून लेथवर काढली, पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळून रंग दिला. शिशासारखीच मळकट चमक येते. भोवती पातळ कागदाचे दोन वेढे, शेपूट पिळून बुडाशी दाबलेलं. मूळ काडतुसात गोळीमागे पुठ्ठ्याची चकती, मग मधमाशीच्या मेणाची, मग पुन्हा पुठ्ठा असे. मेण नळीतली काजळी मऊ ठेवायचं. मेण आपल्या रानातलं, आग्या माशीच्या पोळ्याचं. काप घेतल्यावर पिवळा थर फार सुंदर दिसतो.

दारूच्या जागी, मूळ ८५ ग्रेन म्हणजे साडेपाच ग्रॅम जितकी जागा व्यापेल तितकी, रत्नागिरीच्या ‘काळा समुद्र’ किनाऱ्याची वाळू डिंकात कालवून भरली. त्या वाळूतल्या लोहखनिजाची काळी चकाकी जळक्या कोळशापेक्षा जास्त खरी वाटते. मुलांनी विचारलं तर वाळूच आहे असं सांगायचं. फलकावरही तेच लिहिलं.

३० ऑगस्ट

गणपती आठ दिवसांवर. कपाट वाचनालयात बसलं. मांडणी बाई आणि मी मिळून केली : डावीकडे पायात सापडलेली पुंगळी, मऊ कापसावर, मग सोळा निऱ्यांची गुंडाळी, मग ओढीव पितळेचा उभा काप. चौथ्या खणात जुलैत तडकलेला एक नग. बाई आधी नको म्हणाल्या, खराब वस्तू कशाला. मी हट्टाने ठेवला. त्याच्याखाली फलक आहे : ‘पितळ, गोठ्याशेजारी पाच आठवडे.’

ठेवणाऱ्यांसाठी सूचना काचेच्या आत चिकटवली. पितळेला बाजारातलं पॉलिश लावू नये, त्यातल्या बऱ्याचशांत अमोनिया असतो. चिंच-मीठही नको. कोरड्या सुती फडक्याने वर्षातून एकदा. फरशी पुसायच्या पाण्यात उग्र वासाचं काही घालू नये. कपाट गोठ्याच्या आणि मुतारीच्या भिंतीपासून दूर, पूर्वेच्या भिंतीला.

ठाण्यातून साहेब येऊन नग पाहून गेले. भरीव बूड पुन्हा एकदा बोटाने चाचपलं आणि नोंदवहीत सही केली. त्यांच्यामागून आत्या आली. गुंडाळीच्या प्रतिकृतीपाशी वाकून तिने निऱ्या मोजल्या, सोळा भरल्या. ‘बराबर’ म्हणाली आणि चष्मा पुसत पदकांच्या खणाकडे गेली.